पक्षाघातानंतर चालणे : पावलांचा हिशेब

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला गृहस्थ आठ-पंधरा दिवसांनी रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा घराचे रूप पालटलेले असते. बाहेरच्या खोलीत पलंग मांडलेला असतो, चाकांची खुर्ची भाड्याने आणलेली असते, खिडकीत तेलाच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाजवळ एक ना एक पत्ता असतो. अमुक गावी लकव्यावर हमखास औषध मिळते, तमुक मालिशवाल्याने आमच्या व्याह्यांना महिन्याभरात उभे केले. दुकानाची किल्ली तोवर मुलाकडे किंवा धाकट्या भावाकडे गेलेली असते. या गडबडीत घरची माणसे डॉक्टरांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : "भाऊ चालायला कधी लागतील?"

प्रश्न रास्त आहे; परंतु त्यात एक गैरसमज दडलेला असतो. ताप जसा औषधाने उतरतो, तसे चालणेही औषध, तेल आणि विश्रांती यांच्या योगाने एके दिवशी आपोआप सुरू होईल, अशी ती समजूत असते. पक्षाघातानंतर काही शक्ती पहिल्या आठवड्यांत आपसूक परत येते, हे खरे. पण त्यापुढचे चालणे मुख्यत्वे चालण्याच्याच सरावाने परत येते, आणि तो सराव किती झाला, कसा झाला, यावर बरेच अवलंबून असते. हा सराव रुग्णालयात थोडा होतो. उरलेला सारा घरातच व्हायचा असतो.

झटका मेंदूला बसतो, पायाला नाही. मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि तिच्यावर पोसला जाणारा भाग निकामी होतो. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, उजव्या मेंदूला झाली तर डावे. पायातील हाडे, सांधे, स्नायू त्या दिवशीही आदल्या दिवसासारखेच धड असतात. त्यांना मिळणारा हुकूम तेवढा थांबलेला असतो. मालिशीने रुग्णाला बरे वाटते, माणसाचा हात अंगावरून फिरल्याचा दिलासाही मिळतो, परंतु वीजघरात बिघाड झाला असता घरातील दिवे पुसत बसण्याने प्रकाश येत नाही. जोरकस मालिशीने लुळ्या खांद्याला दुखापत झाल्याची उदाहरणे फिजिओथेरपिस्ट मंडळींना नवी नाहीत.

मग हुकूम पुन्हा पोहोचतो कसा? मेंदूचा मेलेला भाग जिवंत होत नाही. मात्र त्याच्या शेजारचे आणि दूरचे शाबूत भाग काही अंशी त्याचे काम शिकून घेऊ शकतात. लहान मूल जसे पडत-धडपडत, एकच क्रिया शेकडो वेळा करून शिकते, तसेच हे शिकणे असते. फरक एवढाच की मुलाला पडण्याची लाज वाटत नाही आणि साठीच्या व्यापाऱ्याला वाटते.

चालणे ही क्रिया वरकरणी जितकी साधी दिसते तितकी नाही. निरोगी माणूस चालत असताना प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर टेकलेला असतो आणि ४० टक्के वेळ हवेत पुढे झुलत असतो. टेकलेल्या पायाने संपूर्ण देहाचा भार पेलायचा, त्याच वेळी देह त्या पायावरून पुढे न्यायचा. झुलणाऱ्या पायाने गुडघा वाकवायचा, चवडा वर उचलायचा आणि आधी टाच टेकवायची. पक्षाघातात या साखळीच्या अनेक कड्या एकदम निसटतात. चवडा उचलला जात नाही, म्हणून बोटे जमिनीला घासतात. ती घासू नयेत म्हणून रुग्ण कमरेतून पाय उचलून बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. विळ्याने गवत कापावे तशी ती चाल दिसते. भार टाकताना गुडघा मागे ढकलला जातो. दुबळ्या पायाचा भरवसा वाटत नाही, म्हणून रुग्ण सारे ओझे चांगल्या पायावर ठेवतो. चांगल्या पायाला अशी सवय लागली की दुबळा पाय कामावरून जवळजवळ निवृत्तच होतो. त्याला पुन्हा कामावर घेणे हा चालण्याच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

या संदर्भात एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय जगतात प्रसिद्ध आहे. पेद्रो बाख-इ-रिता हे मूळचे कॅटलान कवी आणि विद्वान, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. अर्धे अंग लुळे पडले, वाचा गेली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे काही आठवडे उपचार झाले, आणि आता यापुढे सुधारणेची आशा नाही, असे घरच्यांना सांगण्यात आले. त्यांचा मुलगा जॉर्ज त्या वेळी मेक्सिकोत वैद्यकीय शिक्षण घेत होता. तो वडिलांना आपल्या घरी घेऊन गेला. पुनर्वसनाचे शास्त्र त्याला ठाऊक नव्हते, आणि हेच कदाचित पथ्यावर पडले. त्याने सरळ विचार केला : मूल आधी रांगते, मग चालते, तेव्हा वडिलांनाही आधी रांगायला शिकवावे.

गुडघ्यांना आधार बांधून, लुळा खांदा भिंतीला टेकवून प्राध्यापकमहाशय भिंतीच्या कडेकडेने रांगू लागले. हे महिनोन्‌महिने चालले. पुढे ते अंगणातही रांगत असत. एवढ्या मोठ्या विद्वानाला मुलगा जनावरासारखा रांगायला लावतो, म्हणून शेजाऱ्यांनी नापसंती दर्शवली. जॉर्जने ऐकले नाही. रांगण्यानंतर गुडघ्यांवर उभे राहणे, मग पायांवर उभे राहणे, मग चालणे असा क्रम त्याने ठेवला. लुळ्या हातासाठी घरातील भांडी घासण्याचे काम दिले, तास-तासभर तेच. सुमारे वर्षभरात पेद्रो पुन्हा महाविद्यालयात शिकवू लागले. निवृत्तीनंतर ते हिंडत, डोंगर चढत. सत्तरी ओलांडल्यावर कोलंबिया देशात, सुमारे नऊ हजार फूट उंचीवरील डोंगरात असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

शवविच्छेदनात जे दिसले त्याने सारेच थक्क झाले. मेंदूपासून पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या मुख्य मज्जातंतूंपैकी ९७ टक्के तंतू नष्ट झालेले होते आणि ती हानी कधीच भरून आलेली नव्हती. उरलेल्या तीन टक्के तंतूंवर, आणि मेंदूने शोधलेल्या नव्या वाटांवर, हा माणूस शिकवीत होता आणि डोंगर चढत होता. त्यांचे दुसरे पुत्र पॉल हे मेंदूशास्त्रज्ञ होते. वडिलांच्या शवविच्छेदनाने त्यांच्या संशोधनाची दिशा बदलली, आणि मेंदूच्या बदलक्षमतेचा अभ्यास करणाऱ्या अग्रणींमध्ये पुढे त्यांची गणना झाली.

एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही. प्रत्येक मेंदूची इजा वेगळी, आणि पेद्रोंइतकी सुधारणा फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्यासाठी मोठ्या संख्येतील अभ्यासांकडे पाहावे लागते. आणि तेथे काही गोष्टी अपेक्षेप्रमाणे, तर काही अपेक्षेच्या उलट दिसतात.

पहिली गोष्ट घाईची. झटका आल्यावर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून उभे करावे की काय, याचा मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने पाच देशांत झाला. २,१०४ रुग्णांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अतिशय लवकर आणि अतिशय जास्त हालचाल करविलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा किंचित वाईटच निघाली. तेव्हा पहिला दिवस हा पराक्रमाचा दिवस नाही. केव्हा उठवायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे.

दुसरी गोष्ट यंत्रांची. कमरेला पट्टे बांधून, देहाचा काही भार वरून तोलून धरून, रुग्णाला ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत मोठ्या शहरांत आता उपलब्ध आहे आणि तिच्या जाहिरातीही होतात. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीची तुलना एका साध्या कार्यक्रमाशी केली गेली. तो कार्यक्रम म्हणजे फिजिओथेरपिस्टने रुग्णाच्या घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. वर्षाअखेर तिन्ही गटांत चालण्याची सुधारणा सारखीच होती. एकंदर रुग्णांपैकी ५२ टक्के रुग्ण चालण्याच्या वरच्या श्रेणीत गेले होते. यात दोन गोष्टी घरच्यांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. महाग यंत्र परवडले नाही म्हणून आपल्या माणसाचे नुकसान झाले, अशी खंत करण्याचे कारण नाही. आणि ज्या गटाचे ट्रेडमिल प्रशिक्षण झटक्यानंतर तब्बल सहा महिन्यांनी सुरू झाले, तो गटही पुढच्या सहा महिन्यांत सुधारला. 'तीन महिन्यांत जे होईल ते होईल, पुढे काही नाही' ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत त्यामुळे टिकत नाही. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात, पण खाते तेथे बंद होत नाही. जो रुग्ण अजिबात चालू शकत नाही त्याला पहिल्या तीन महिन्यांत यंत्राच्या साहाय्याने चालवण्याचा अधिक लाभ होतो, असेही इतर अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे; तेव्हा यंत्र टाकाऊ आहे असेही नाही.

तिसरी गोष्ट आपल्या देशातील आणि थोडी अप्रिय. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक प्रयोग झाला. फिजिओथेरपिस्टची संख्या अपुरी, खर्च मोठा; मग घरातील एका व्यक्तीलाच पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले तर? कल्पना उत्तम होती. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. घरच्यांचे प्रेम आणि थोडेसे प्रशिक्षण एवढ्या भांडवलावर हे काम होत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. जाणकार माणसाने नियमित येऊन पाहणे, चुका दुरुस्त करणे, व्यायाम वाढवत नेणे आवश्यक असते. घरच्यांनी मधल्या वेळेत तो सराव पार पाडायचा असतो. फिजिओथेरपिस्टची फी वाचवण्यासाठी 'आम्हीच करून घेतो' म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. पहिल्या महिन्यात दररोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा का होईना, त्यांचे येणे चालू ठेवणे हा बचतीचा मार्ग नसला तरी शहाणपणाचा आहे.

आता पावलांचा हिशेब. अमेरिका आणि कॅनडातील पुनर्वसन केंद्रांत एका सत्रात रुग्ण प्रत्यक्ष किती पावले टाकतो, हे संशोधकांनी शेजारी बसून मोजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चालण्याच्या एका सत्रातील सरासरी ३५७ पावले निघाली. दुकानातून बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन येणारा धडधाकट माणूस याहून अधिक पावले सहज टाकतो. नवी चाल शिकण्यासाठी एवढी पावले कमी पडतात, म्हणूनच घरातील पावलांना मोल येते. समजा, पलंगापासून स्नानगृह १५ पावलांवर आहे. जाऊन येऊन ३० पावले झाली. दिवसातून सहा वेळा म्हटले तर १८०. जेवणासाठी आतल्या खोलीत दोनदा जाणे, संध्याकाळी अंगणात किंवा गॅलरीत चार फेऱ्या, अशी भर घातली की एका सत्राइतकी पावले घरात सहज होतात. जेवणाचे ताट पलंगावर आले, भांडे पलंगाखाली आले आणि बैठकीत न्यायला चाकांची खुर्ची आली, की यातले एकही पाऊल पडत नाही. आजारी माणसाला ताटकळत, धापा टाकत जाताना पाहवत नाही म्हणून सून किंवा मुलगा धावतो. त्यामागची माया खोटी नसते. पण त्या दिवसाची शंभर पावले तिने खर्ची पडतात.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत हे अधिक घडते. घरातील बाईला झटका आला की 'आयुष्यभर राबल्या, आता बसा' म्हणून तिला बसवून ठेवले जाते. ओट्याशी उभे राहून, एका हाताने कट्टा धरून, दुबळ्या पायावर थोडा थोडा भार टाकत भाजी निवडणे किंवा डबे पुसणे हा तोल सांभाळण्याचा उत्तम व्यायाम आहे. मागे खुर्ची आणि शेजारी कोणीतरी असले म्हणजे झाले. तिच्या पुनर्वसनासाठी गाडी काढून शहरात नेण्याचा विचारही पुरुषांच्या मानाने उशिरा होतो, हेही येथे नोंदवलेले बरे.

सरावाची रीत फिजिओथेरपिस्टने दाखवून द्यायची असते. तरी काही बाबी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नये. त्याने खांदा निखळतो आणि पुढे अनेक महिने दुखत राहतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. चालताना मदतनीसाने दुबळ्या बाजूस, किंचित मागे राहावे. काठी चांगल्या हातात असावी. दुबळ्या बाजूला काठी देण्याची चूक पुष्कळ घरांत होते. खुर्चीतून उठताना दोन्ही पावले गुडघ्यांच्या मागे ओढून घ्यावीत, दुबळे पाऊल चांगल्या पावलाच्या थोडे मागे ठेवावे आणि पुढे झुकून उठावे. म्हणजे दुबळ्या पायाला आपला वाटा उचलावाच लागतो. असे दहा वेळा उठणे-बसणे हाही चालण्याचाच व्यायाम आहे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, आणि कठडा चांगल्या हाताच्या बाजूस. चवडा घासत असेल तर पोटरीमागून तळव्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट बुटात घालून चालता येते. तो मापाचा करून घ्यावा, दुसऱ्याचा उसना घेऊ नये. सपाता आणि अंगठ्याच्या चपला बंद कराव्यात. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत.

गादीवर बसून व्यवहार करणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. जमिनीवर बसणे आणि जमिनीवरून उठणे पक्षाघातानंतर सर्वांत कठीण जाते. पेढीवरची बैठक असो की सामायिकाचे आसन, आरंभीचे काही महिने ते खुर्चीवर घ्यावे. पुढे तोल आला की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जमिनीवरून उठण्याचा सराव अवश्य करावा. पेद्रोंचे रांगणे आणि गुडघ्यांवर उभे राहणे हाच त्याचा पहिला भाग आहे. एकटे असताना पडल्यास उठता येईल, हा विश्वास आला की पाय आपोआप मोकळा पडू लागतो.

पडण्याची भीती अनाठायी नसते. वळताना, रात्री लघवीला उठताना आणि ओल्या फरशीवर रुग्ण पडतात, आणि खुब्याचे हाड मोडले तर सारा सराव मागे पडतो. स्नानगृहात कठडा, उंच कमोड, रात्री मंद दिवा, सैल गालिचे गुंडाळून ठेवणे आणि उंबरठ्याला रंगीत पट्टी एवढे खर्चही फार नाहीत. चालताना छातीत दुखले, चक्कर आली, दम नेहमीपेक्षा फार लागला तर तेथेच थांबावे. रक्तदाबाची गोळी 'आता बरे वाटते' म्हणून बंद करणे हा मात्र घात आहे. दुसरा झटका पहिल्याने शिल्लक ठेवलेले घेऊन जातो.

प्रगती कशी मोजावी? डॉ. जॅकलिन पेरी या अमेरिकन अस्थिशल्यविशारद आधी फिजिओथेरपिस्ट होत्या, आणि चालण्याच्या शास्त्राला त्यांनी आयुष्य वाहिले. १९९५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची चालण्याच्या वेगावरून विभागणी केली. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारा माणूस बहुधा घरापुरता चालतो, ०.४ ते ०.८ या वेगाचा माणूस घराबाहेर मर्यादित वावरतो, ०.८ च्या वर गेलेला बाजारहाट करू शकतो. घरी हे मोजणे सोपे आहे. व्हरांड्यात किंवा इमारतीच्या वाहनतळात १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट, अंतर खडूने आखावे. सुरुवातीस आणि शेवटी थोडी मोकळी जागा सोडावी आणि घड्याळ लावावे. २५ सेकंद लागले तर वेग ०.४, साडेबारा सेकंद लागले तर ०.८. दर रविवारी एकदा मोजून आकडा वहीत लिहावा. ज्याने हयातभर रोकडवही लिहिली त्याच्याच चांगल्या हाताने तो आकडा लिहवून घ्यावा. एखाद्या रविवारी आकडा मागे जाईल. थकवा, सर्दी, अपुरी झोप, मनाची उदासी यांपैकी काही ना काही कारण असते. झटक्यानंतर उदासी फार जणांना येते, आणि रुग्ण व्यायामाला नकार देतो तेव्हा तो आळस असेलच असे नाही. डॉक्टरांना ते सांगावे, त्यावर उपचार आहेत.

आकडा साडेबारा सेकंदांच्या जवळ आला म्हणजे दुकानाचा विचार करावा. आरंभी दुपारची वेळ निवडावी, गिऱ्हाईक कमी असताना. गाडी दुकानाच्या दारात न लावता पंचवीस-तीस पावले अलीकडे उभी करावी. रस्त्याच्या बाजूने मदतनीसाने चालावे, दुबळी बाजू दुकानांच्या ओट्यांकडे असेल तर मदतनीस दोघे असावेत. ओळखीचे लोक हात द्यायला पुढे येतील, त्यांना नमस्कार करून तेवढ्यावरच थांबवावे. दुकानाच्या पायरीशी चांगला पाय आधी.